कोपराचा शेरा

आमच्या कोर्टवर माणसांना नावं नाहीत, सांधे आहेत. "आज डावा गुडघा दिसत नाही," असं कोणी म्हणालं की सी विंगमधले निवृत्त मुख्याध्यापक अजून खाली उतरले नाहीत, एवढं सगळ्यांना कळतं. उजवा खांदा म्हणजे बँकेतले अण्णा. दोन्ही अंगठे म्हणजे ब्लाउज शिवून शिवून अंगठ्यांच्या मुळाशी संधिवात बसवून घेतलेल्या वहिनी. मानेचे मणके एक आहेत, पण त्यांना वर बघायची मनाई असल्यामुळे ते बाकावर बसून फक्त गुण मोजतात. आणि गेल्या मार्चपासून मी उजवं कोपर.

डोंबिवलीच्या आमच्या सोसायटीत एक बॅडमिंटन कोर्ट होतं. त्यावर खेळणारी मुलं मोठी झाली, पुण्याला गेली, बंगळुरूला गेली, दोघंतिघं थेट न्यू जर्सीला गेली आणि कोर्टवर कुरडया वाळायला लागल्या. मग न्यू जर्सीवाल्यांपैकी एकाने सुट्टीत आल्यावर सांगितलं की तिकडे त्याच्या सासऱ्यांच्या वयाची माणसं सकाळी सहाला उठून पिकलबॉल खेळतात. माहिती काढली तर पिकलबॉलचं कोर्ट ४४ फूट लांब आणि २० फूट रुंद निघालं, म्हणजे बॅडमिंटनच्या दुहेरीच्या कोर्टाएवढंच, इंचभर कमी नाही की जास्त नाही. फक्त जाळी खाली आणायची, कडेला ३६ इंच आणि मध्यावर ३४. खर्च शून्य असल्यामुळे सर्वसाधारण सभेत एकमताने मंजूर झालेला हा आमच्या सोसायटीच्या इतिहासातला एकमेव ठराव. नव्या रेषांना रंग लागला, तो पाण्याची टाकी रंगवून उरला होता. त्यामुळे आमचं किचन निळं आहे.

किचन म्हणजे जाळीच्या दोन्ही बाजूंचा सात-सात फुटांचा पट्टा. चेंडू टप्पा खाऊन आला तर तिथे जाऊन मारता येतो, हवेतल्या हवेत मारायचा तर तिथे पाऊल टाकायचं नाही. हा नियम मी घरी समजावून सांगितला तेव्हा हिने अर्धाच ऐकला आणि लगेच नाव नोंदवलं. म्हणाली, "४२ वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी मला किचनमध्ये जाऊ नका म्हणतंय."

आता मूळ गुन्हा. मी ३४ वर्षं एका सरकारी कार्यालयाच्या भांडार विभागात खरेदी बघत होतो. तीन कोटेशनं मागवायची, तुलनात्मक तक्ता करायचा, सगळ्यात कमी दराच्या नावासमोर 'एल-वन' लिहून सही करायची. या पद्धतीने मी खुर्च्या घेतल्या, पंखे घेतले, एकदा लिहायला लागलं की दोन दिवसांत वाळणारी बॉलपेनं घेतली. सोसायटीने पॅडलं आणायचं काम विश्वासाने माझ्याकडे सोपवलं. मी तीन कोटेशनं मागवली. एल-वन लाकडी होतं.

लाकडी पॅडलला ऐतिहासिक आधार आहे, हे मी तेव्हाही सभेत सांगितलं होतं. १९६५ साली अमेरिकेत सिएटलजवळच्या बेनब्रिज बेटावर जोएल प्रिचर्ड नावाच्या गृहस्थांच्या घरी मुलं कंटाळली होती. अंगणात बॅडमिंटनचं कोर्ट होतं, पण सामान धड सापडेना. तेव्हा प्रिचर्ड आणि त्यांचे मित्र बिल बेल यांनी टेबल टेनिसच्या बॅटी आणि भोकं पडलेला प्लॅस्टिकचा चेंडू घेऊन मुलांना खेळायला लावलं. पुढे बार्नी मॅकॅलम या तिसऱ्या मित्राने प्लायवूड कापून मोठ्या बॅटी केल्या. घरात जे सापडेल त्यावर खेळ उभा करायचा, हा प्रकार मला फार आपला वाटला. प्रिचर्ड पुढे अमेरिकेच्या संसदेत गेले. संसदेत जाण्याआधी माणसाने काहीतरी उपयोगाचं करून ठेवल्याचं हे उदाहरण विरळाच.

तर आमची लाकडी पॅडलं आली. एकेक ३०० ग्रॅमच्या आसपास. चेंडू असतो जेमतेम २५ ग्रॅमचा, म्हणजे माशीला पोळपाटाने मारण्यासारखं. आवाज असा की समोरच्या इमारतीतून कोणीतरी ओरडून विचारलं, फर्निचरचं काम अजून किती दिवस चालणार? तीन आठवड्यांनी माझ्या हातून चहाचं पातेलं सुटलं. आठवडाभरात दाराची कडी उघडताना डोळ्यांत पाणी आलं. टॉवेल पिळायचं काम मी सोडून दिलं, त्याचं मात्र दुःख झालं नाही.

डॉक्टरांनी कोपराच्या बाहेरच्या बाजूच्या हाडावर एकच बोट ठेवलं. मी खुर्चीवरून उठलो.

"टेनिस एल्बो," ते म्हणाले.

"टेनिस नाही डॉक्टर, पिकलबॉल."

"ते कोपराला कळत नाही हो काका."

मनगट मागे उचलणाऱ्या स्नायूंची दोरी कोपराच्या त्या टोकाला बांधलेली असते. मूठ आवळली, मनगट झटकलं, धक्का बसला की ताण तिथे येतो. हा आजार होणाऱ्या बहुतेकांनी आयुष्यात टेनिसची रॅकेट हातात घेतलेली नसते. घरकाम करणाऱ्या बायका, सुतार, प्लंबर अशांनाच तो होतो. नाव श्रीमंतांचं आणि दुखणं कष्टकऱ्यांचं, एवढंच. डॉक्टरांनी सहा आठवडे विश्रांती सांगितली आणि जाता जाता म्हणाले, "खेळायचंच असेल तर पॅडल तरी बरं घ्या. सांध्यांना मानवेल असं."

सांध्यांना मानवेल असं! हे वाक्य बोलायला तीन सेकंद लागतात. ते अमलात आणायला मला अडीच महिने लागले, कारण माझ्या अंगातले सांधे कोणत्याच पॅडलवर एकमत करेनात. मी रीतसर फाईल उघडली आणि एकेका सांध्याकडून अभिप्राय मागवला.

कोपराचा शेरा आला: पॅडल जाड हवं. आतला गाभा १६ मिलिमीटर किंवा अधिक. पातळ पॅडलवरून चेंडू सुसाट जातो, पण धक्काही तितक्याच तत्परतेने माझ्याकडे पाठवला जातो. वजन अगदी कमी नको. फुलासारखं हलकं पॅडल चेंडू आदळला की मागे ढकललं जातं, ते सावरायला मलाच आवळावं लागतं, आणि जोर आणायला हात जास्त फिरवावा लागतो.

या कागदावर खांद्याने लाल शाईत लिहिलं: वजनाला तीव्र हरकत. डोक्यावरचा चेंडू मारताना ते वजन कोपर उचलत नाही, मी उचलतो. २१० ग्रॅमच्या वर एक ग्रॅम नको.

मनगटाचं म्हणणं वेगळंच. वजन किती हे विचारू नका, वजन कुठे आहे ते विचारा. हे मनगट मला एरवी इतकं हुशार वाटलं नव्हतं. पण त्याचं खरं होतं. दोन पॅडलं काट्यावर सारखीच भरतात, आणि एकाचा भार मुठीजवळ असतो, दुसऱ्याचा शेंड्याला. शेंड्याला भार असलेलं फिरवताना मनगटाची दमछाक होते. झाडू दांड्याकडून धरून उचलणं आणि कुंच्याकडून धरून उचलणं यात जो फरक, तोच.

एवढ्यात, कोणी विचारलं नसताना, गुडघ्याने निवेदन दिलं. पॅडल लांब घ्या. दोन-चार बोटं लांबी जास्त मिळाली तर तेवढं वाकणं वाचेल. ऐकायला रास्त वाटलं. पण नियमाप्रमाणे पॅडलची लांबी आणि रुंदी मिळून २४ इंचांच्या वर जाता येत नाही, आणि नुसती लांबी १७ इंचांच्या वर नाही. म्हणजे १६ इंच लांब तर ८ इंच रुंद. लांबी साडेसोळा केली की रुंदी साडेसातवर आली. गुडघ्याला अर्धा इंच द्यायचा तर तो पोटातून कापून द्यावा लागतो. अरुंद पॅडलवर चेंडू कडेला लागण्याचं प्रमाण वाढतं, कडेला लागला की पॅडल मुठीत फिरतं आणि फिरतं पॅडल थांबवायला पुन्हा कोपर. फाईल फिरून पहिल्या टेबलावर.

शेवटी मी दुकानात गेलो. खेळाच्या सामानाच्या त्या दुकानात माझ्या शर्टाच्या वयाचा एक मुलगा होता.

"काका, पॉवर हवी की कंट्रोल?"

या वयाच्या माणसाला हा प्रश्न असा चारचौघांत विचारू नये. दोन्हींची तक्रार आहे, पण ती दाखवायचे डॉक्टर वेगळे आहेत.

"प्लेइंग स्टाइल काय तुमची?"

"शक्यतो न धावता."

मुलगा मात्र गुणी होता. दोन हजारांपासून वीस हजारांपर्यंतची पॅडलं त्याने काचेवर मांडली आणि पोटात काय आहे ते सांगितलं. बाहेरचा पापुद्रा कार्बन फायबरचा किंवा फायबरग्लासचा. फायबरग्लास जरा उसळी देतो, खरबरीत कार्बन चेंडूला फिरकी देतो. आत मधाच्या पोळ्यासारखी षटकोनी घरं, बहुतेक पॅडलांत पॉलिप्रॉपिलीनची, म्हणजे फ्रीजमधले आपले डबे ज्याचे असतात ना, तेच. ही घरं जितकी खोल, तितका चेंडू क्षणभर जास्त विसावतो आणि हाताला कमी झणझणतं. हे पोळं मूळचं विमानातलं. बोइंगमध्ये नोकरीला असलेल्या आर्लेन परांटो नावाच्या इंजिनियरने १९८४ साली विमानाच्या फरशीत वापरतात ते पॅनल घेऊन पॅडल केलं आणि लाकडाचं युग संपवलं. म्हणजे २०२५ साली मी डोंबिवलीत जे एल-वन म्हणून घेतलं, ते ४१ वर्षं आधीच निकालात निघालं होतं. भांडार विभागात एवढा उशीर सामान्य समजतात.

दुकानातल्या निम्म्या पॅडलांवर 'हाताला सौम्य', 'कंपन शोषणारं' अशा अर्थाच्या इंग्रजी चिठ्ठ्या होत्या. मान्यतेचा शिक्काही होता. मी सवयीने शिक्क्याबद्दल चौकशी केली. तो शिक्का खेळ न्याय्य राहावा म्हणून असतो: पृष्ठभाग किती खरबरीत, चेंडू किती उसळतो, आकार किती. खेळणाऱ्याच्या कोपराची त्यात कोणी विचारपूस करत नाही. 'सौम्य' ही चिठ्ठी कंपनी स्वतःच लिहून स्वतःच चिकटवते. लग्नाच्या स्थळाच्या माहितीत 'स्वभाव मनमिळाऊ' हे जो लिहितो, तोच हा.

त्या मुलाने एक गोष्ट मात्र फार शहाणपणाची केली. दुकानामागच्या पॅसेजमध्ये भिंतीवर चेंडू मारून बघू दिला. मी पाच-सहा चेंडू मधोमध मारले आणि प्रत्येक पॅडल मला आवडलं. मग लक्षात आलं की मधोमध लागलेला चेंडू लाकडीवरही गोड लागत होता. खरा प्रश्न वेडावाकडा लागलेल्या चेंडूचा. आमच्या वयात दहांतले किती मधोमध लागतात? मणक्यांनी मोजलेत, आकडा सांगत नाही. तेव्हा मी मुद्दाम कडेला मारायला लागलो, शेंड्याला, मुठीजवळ, चुकवून चुकवून. काही पॅडलं थेट दाढेपर्यंत झिणझिणली. एक रुंद, जाड, दिसायला अगदीच सुमार पॅडल निमूट राहिलं. पॅडल आपल्या उत्तम फटक्यांवरून घेऊ नये, रोजच्या फटक्यांवरून घ्यावं, हे मी फाईलवर नोंदवलं.

त्या पॅडलवर वजन ७.९ औंस छापलं होतं. २२४ ग्रॅम. खांद्याची हरकत १४ ग्रॅमांवर आली होती. पण छापील वजनावर सही करण्याइतका मी कच्चा नाही. एकाच मॉडेलची दोन पॅडलं पाच-सहा ग्रॅमांनी कमीजास्त भरू शकतात, हे मुलानेच कबूल केलं. मी तीन नग घेऊन शेजारच्या वाण्याकडे गेलो. त्याने एकेक काट्यावर ठेवलं, चष्मा वर केला आणि विचारलं, "काका, हे काय भावाने लावू?" २३०, २२६, २२२. मी २२२ उचललं. पाव किलो चिवड्यापेक्षाही कमी. खांद्याला म्हटलं, चिवडा आणताना तू कधी कुरकुरला नाहीस.

राहिली मूठ. मुठीचा घेर साधारण चार ते साडेचार इंच असतो आणि तो मोजायची रीत मला फार आवडली. पंजा उघडायचा, तळहाताच्या मधल्या आडव्या रेषेपासून अनामिकेच्या टोकापर्यंत पट्टी लावायची, येईल तो घेर. डोंबिवलीच्या ज्या ज्योतिषाने त्याच रेषेवरून मला परदेशगमन सांगितलं होतं, त्याने सव्वाचार इंचांबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. मूठ बारीक असली की माणूस नकळत आवळून धरतो आणि बोटांचे सांधे रडतात. फार जाड असली की मनगट मोकळं फिरत नाही. शहाणपण हे की किंचित बारीक घ्यावी आणि वरून ओव्हरग्रिपची पट्टी गुंडाळून जाड करावी. गुंडाळलेली सोडवता येते, जाड आलेली तासता येत नाही. वहिनींनी आपल्या पॅडलवर दोन पट्ट्या गुंडाळल्या तेव्हा त्यांचे अंगठे आठवडाभरात बोलायचे थांबले. ब्लाउजला आत कापड जादा ठेवतात तसंच आहे हे, असं त्या म्हणाल्या. त्यांना हे कोणी शिकवावं लागलं नाही.

सगळं मिळून नऊ हजार. हिने बिल बघितलं आणि शांतपणे विचारलं, "यात जार किती येतात?"

आणि एवढं करून कोपर दुखायचं थांबलं नाही. कमी झालं, हे प्रामाणिकपणे सांगतो. पातेलं हातात राहायला लागलं. पण खेळून आलं की रात्री ठणका. मग मी फिजिओथेरपीच्या मुलीकडे गेलो. तिने माझं नऊ हजारांचं पॅडल बघितलंही नाही. म्हणाली, "काका, धरून दाखवा."

मी धरलं.

"अहो, पळून जाणार आहे का ते?"

तिने सांगितलं की जीव खाऊन आवळणं म्हणजे दहा धरलं, तर हातातून गळून पडेल ते शून्य. पॅडल तीन किंवा चारवर धरायचं. चेंडू लागण्याच्या क्षणी जरा आवळलं जातं, ते पुरे. मी प्रयत्न केला. दहा. पुन्हा प्रयत्न केला. दहा. तिने विचारलं, काका, नोकरी कसली होती? मी म्हटलं, भांडार विभाग. ती विचारात पडली, कारण त्यात आवळण्यासारखं काही नव्हतं.

उत्तर मला घरी येताना स्टेशनच्या पुलावर मिळालं. खाली ८.१७ची फास्ट उभी होती आणि दारातला मधला दांडा पाच जणांनी धरला होता. ३४ वर्षं, जायचे-यायचे मिळून रोज अडीच तास, माझा उजवा हात तो दांडा धरून होता. त्या हाताला दोनच आकडे शिकवलेले आहेत. डोंबिवली ते सीएसएमटी दहा, घरी शून्य. तीन म्हणजे मुंब्र्याच्या वळणावर बाहेर. आता ६७व्या वर्षी एक पोरगी येऊन सांगते, जरा सैल धरा.

तरी शिकलो. रोज सकाळी टेबलावर हात टेकवून, पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली मुठीत धरून मनगट सावकाश खाली सोडायचं, पंधरा वेळा. मग पॅडल घेऊन बाल्कनीत उभं राहायचं आणि मनात 'तीन, तीन' म्हणायचं. समोरच्या इमारतीतला तोच माणूस बघत असतो. आता तो काही विचारत नाही.

मधल्या काळात आमच्या खेळाची प्रगती झाली होती. दुहेरीत गुण पुकारताना 'शून्य-शून्य-दोन' म्हणून सुरुवात करतात. एकही चेंडू मारला नसताना हे दोन कुठून आले, यावर अण्णांनी बँकेच्या शिस्तीने महिनाभर आक्षेप घेतला. पहिली सर्व्हिस करणाऱ्या जोडीला एकच संधी मिळते, म्हणून तिचा गडी दुसरा धरतात, हे पटल्यावर त्यांनी त्याला 'ओपनिंग बॅलन्स' असं नाव दिलं. मुख्याध्यापकांनी वाचून आणलं की हा खेळ भारतात रुजवणारे सुनील वालावलकर आपल्या मुंबईचेच, आणि देशपातळीवरची संघटना २००८मध्येच उभी राहिली होती. म्हणजे आम्ही कोर्टवर कुरडया वाळवत होतो तेव्हा. खाली पडलेला चेंडू उचलायचा प्रश्नही सुटला. पॅडलच्या बुडाला बसवायची एक रबरी वाटी मिळते. ती चेंडूवर टेकवून दाबायची की चेंडू चिकटून वर येतो, वाकावं लागत नाही. आता प्रत्येकाच्या पॅडलला ती आहे. या वाटीला मी सांध्यांसाठीच्या साधनांत पहिला नंबर देतो, पॅडलच्याही आधी.

परवा रविवारी मी आणि वहिनी विरुद्ध खांदा आणि गुडघा असा सामना होता. ही बाकावर, पुढचा नंबर तिचा. दहा-नऊ, सर्व्हिस आमची, एक गुण हवा. अण्णांचा चेंडू सुस्त असा वर आला. मी रेषेच्या बाहेर पाय रोवले, मनात 'तीन' म्हटलं आणि हवेतच मारला. सुरेख लागला. मधोमध. चेंडू दोघांच्या मधून गेला आणि त्याच्या मागोमाग पॅडलही माझ्या हातातून निघालं आणि आमच्या निळ्या किचनमध्ये जाऊन आडवं झालं.

"फॉल्ट," मणके म्हणाले.

हवेतला चेंडू मारताना हातातलं किंवा अंगावरचं काहीही किचनमध्ये पडलं तर चूक, अगदी चष्मा पडला तरी. वाद घालण्यासारखं काही नव्हतं. प्रश्न पुढचा होता. आम्ही चौघे पॅडलभोवती जमलो आणि खाली बघत उभे राहिलो.

"मी वाकलो तर दोन वस्तू उचलाव्या लागतील," मुख्याध्यापक म्हणाले.

अण्णा उजवा हात पुढे करणार होते, त्यांनी तो डाव्या हाताने मागे घेतला. वहिनी म्हणाल्या, "वाकते मी, पण उचलू कशाने?" मला डॉक्टरांनी जमिनीवरचं काही उचलायला मना केलंय, हे मी सगळ्यांना पुन्हा एकदा सांगितलं. तीन पॅडलं होती, तिन्हींना रबरी वाट्या होत्या, पण त्या गोल चेंडूला चिकटतात, सपाट पॅडलच्या खरबरीत कार्बनला नाही. हे आम्ही आळीपाळीने करून पाहिलं. वॉचमन मागे गेटपाशी होता, त्याला हाक मारायचं काम मणक्यांकडे दिलं, तर त्यांना मागे वळता येत नव्हतं.

मग आम्ही सगळ्यांनी मिळून बाकाकडे बघितलं. गुडघे, खांदा, कोपर, अंगठे सगळं धड असलेली आमच्यात ती एकटीच. तिने पाण्याच्या बाटलीचं झाकण सावकाश लावलं.

"मी?" ती म्हणाली. "किचनमध्ये? नियम आहे ना?"